तिच्या रक्तातली भूल

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या त्या दोघी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

वैनगंगेच्या बाजूला, सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळा लागला होता. धान निघून गेले की त्या भागातली धडधाकट माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात. गावात म्हातारीकोतारी, बाया आणि लेकरे उरतात. ठाण्यातही त्या दिवसांत वर्दळ कमी असते. दुपारी मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो, तेव्हा दारात हवालदाराचा आवाज ऐकू आला. "बाई, हे दवाखान्याचं काम हाय. ठाण्यात काऊन आल्या?"

मी बाहेर आलो. पन्नाशीची एक बाई होती आणि तिच्या खांद्याला धरून विशीतली एक मुलगी उभी होती. मुलीच्या डोक्याला, कानांवरून घट्ट फडके बांधलेले होते. त्या भागात बाळंतिणीला तसे बांधतात. त्या सासू-सुना होत्या. सासूच्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून लहान दुपट्याचे टोक बाहेर आले होते. बाळंतीण आणि दुपटे दोन्ही होते. बाळ मात्र नव्हते.

मी त्यांना आत घेतले, सुनेला बाकावर बसवले. आमच्या महिला पोलीस नाईकने तिला पाणी दिले. नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. रचलेली हकीकत सांगणारा माणूस पहिल्यापासून नीट सुरुवात करतो. ज्याच्यावर खरोखर काही बेतले आहे, तो जिथे दुखते तिथूनच बोलायला लागतो.

"लेकरू रडलं सायेब," सून म्हणाली. "म्या ऐकलं. अन् दवाखान्यातले म्हणून राह्यले का मेलेलं जलमलं."

पुढची हकीकत सासूने सांगितली. पहाटे कळा सुरू झाल्या. ऑटोने सरकारी दवाखान्यात निघाल्या होत्या. वाटेत कळा वाढल्या, म्हणून रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात उतरल्या. सिस्टरने सुनेला आत घेतले आणि सासूला औषध आणायला दुकानात पाठवले. ती परत आली तेव्हा सारे आटोपले होते. सून बेशुद्ध होती. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणाने शुद्ध हरपली, मूल मृत जन्माला आले.

"म्या म्हटलं, माह्या घरचं लेकरू हाय, मले तोंड तं दाखवा. तं सिस्टर म्हणे, आजी, पाहण्यासारखं नाई ते. आमच्या माणसानं पुरून टाकलं." सासूने पिशवीतले दुपटे आत सारले. मग सुनेकडे पाहून म्हणाली, "हे शुद्धीवर आली तवापासून एकच सांगून राह्यली, लेकरू रडलं. माही सून खोटं बोलत नाई सायेब."

मी सुनेला विचारले, "रडणं ऐकल्यावर काय झालं? आठवेल तेवढंच सांग."

"म्या हात पुढं केले. म्हटलं, द्या मले. तवा मांगून कोणीतरी तोंडावर रबराचं टोपण दाबलं. गोड वास आला. मोहफुलं अंगणात वाळू घातल्यावर येते न, तसा. मंग मले काई समजलं नाई."

आमचा हवालदार फिर्याद लिहून घेत होता. त्याने लिहिले, 'फिर्यादीस गुंगीकारक द्रव्य देण्यात आले.' मी ते वाक्य खोडायला लावले आणि ती बोलली तसेच उतरवायला सांगितले, मोहफुलांसकट. गुंगीकारक द्रव्य हे आमचे शब्द होते. वास तिने घेतला होता.

वैद्यकीय तपासणीचे पत्र देऊन, त्यात तिचेच शब्द उतरवून, मी दोघींना ग्रामीण रुग्णालयात पाठवले आणि मागोमाग स्वतः गेलो. तिथल्या वैद्यकीय अधिकारी तरुण होत्या. वरोऱ्याच्या मुस्लिम कुटुंबातल्या, वडिलांचे बांगड्यांचे दुकान. त्यांची बोली आमच्या भागातलीच, त्यामुळे बाया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. तपासणी करून त्या बाहेर आल्या.

"साहेब, दिवस पूर्ण भरलेले होते. बाळंतपण अगदी साधं झालंय. कुठे फाटलेलं नाही, एक टाका घातलेला नाही. हिला भूल द्यायचं काहीच कारण नव्हतं."

"पण दिली असेल तर?"

"तिनं सांगितलेला वास हॅलोथेनचा असू शकतो. बाटलीत पाण्यासारखं असतं. मशीनमधून त्याची वाफ करून ऑक्सिजनबरोबर हुंगवतात. लहान दवाखान्यांत अजून वापरतात. रक्तात उतरतं, पण तिथे टिकत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर थोडं थोडं बाहेर पडतं. रक्त आत्ताच घ्यायला हवं. उद्यावर टाकलं तर कदाचित हाती काही लागणार नाही."

मी नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या रसायन विश्लेषकांनी नीट समजावले. रक्त प्लास्टिकच्या नव्हे, काचेच्या बाटलीत घ्या. बाटली काठोकाठ भरा. वर रिकामी जागा राहिली तर वायू रक्तातून निघून त्या जागेत जमतो आणि झाकण उघडताच उडून जातो. झाकण पक्के लावा, बर्फात ठेवा. मॅडमनी सांगितल्याबरहुकूम रक्त घेतले. पंचांसमक्ष लाखेचे सील लावले आणि हवालदार बर्फाची पेटी घेऊन सरकारी जीपने नागपूरला निघाला. ठाण्यात त्या बाईला दारातूनच परत पाठवायला निघालेला हाच हवालदार. वाटेत पेटी त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही, असे चालकाने मला नंतर सांगितले.

निघताना मॅडमनी त्या मुलीला हलकेच विचारले, "दूध उतरेल आता. छाती दुखेल, तापही येईल. दूध बंद व्हायची गोळी देऊ का?"

मुलीने मान हलवली. "नको बाई. लेकरू येईल तं काय पिईल?"

मॅडम आपल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर प्रौढ, बोलायला मृदू. स्वतः उठून खुर्ची दिली, चहा मागवला. "फार वाईट झालं साहेब. पण अशा बायांना धक्का बसतो, मनाचे भास होतात."

"भूल दिली होती का?"

"साध्या बाळंतपणाला कोण भूल देतं? ऑपरेशन असेल तेव्हाच आम्ही बाहेरून भुलीचे डॉक्टर बोलावतो."

मी वाद घातला नाही. चहा घेतला. मग रीतसर पत्र देऊन, या रुग्णाला कोणकोणती औषधे दिली आणि भूल दिली होती काय, याचे लेखी उत्तर मागितले. त्यांनी लगेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिले की भूल दिलेली नाही. माणूस खोटे बोलतो आहे असा संशय आला की त्याला अडवू नये. ते खोटे त्याला पुरते सांगू द्यावे, जमल्यास लिहू द्यावे.

बाळ पुरल्याची जागा दवाखान्याच्या कामगाराने दाखवली, नाल्याकाठी. तहसीलदारांच्या उपस्थितीत आम्ही ती खोदली. काही निघाले नाही. कामगार म्हणाला, कोल्ह्यांनी उकरून नेले असेल. पण तिथली माती दगडासारखी घट्ट होती. तिच्यात कुणी कधी कुदळ मारलीच नव्हती. उन्हात उभा असलेला मी त्या वेळी मनातून सुखावलो. बाळ जिवंत आहे, असे मला पहिल्यांदा वाटले ते तिथे.

तरी अहवाल हाती आल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. घाईने कुणाला उचलले असते तर बाळ हातोहात आणखी दूर गेले असते. मी रोज प्रयोगशाळेला फोन करत होतो आणि ते रोज शांतपणे सांगत होते, काम सुरू आहे.

त्या काळात सासू दर बाजारच्या दिवशी ठाण्यात यायची. बाकावर बसायची. काय झाले, असे कधी विचारायची नाही. मीच एकदा विचारले, "सून कशी आहे?"

"रोज दूध पिळून काढते सायेब, आटू नाई म्हणून. वाटीत घेते अन् अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतते. बाया म्हणतात, हे पागल झाली. म्या म्हटलं, होऊ द्या." मग उठता उठता म्हणाली, "मीच तिले वाटी नेऊन देतो."

मुलीचा नवरा तेलंगणातून परत आला होता. हातांवर मिरचीच्या कामाचे चट्टे होते. तो एकदा आईबरोबर आला आणि उभाच राहिला. "मी काय करू सायेब? मले काई सांगा."

"तिच्याजवळ बस," मी म्हणालो. "बाकी आम्ही करतो आहोत." त्याने मान डोलावली. पुन्हा तो ठाण्यात आला नाही. घरीच थांबला, हे मला नंतर कळले.

अखेर प्रयोगशाळेचा फोन आला. विश्लेषक म्हणाले, "तुमच्या नमुन्यात हॅलोथेन आहे. थोडंच आहे, पण निश्चित आहे. बाटली काठोकाठ भरली होती, म्हणून सापडलं." मी फोन खाली ठेवला आणि हवालदाराला हाक मारून सांगितले. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई खरं बोलत होती, सर."

त्या दिवशी हजर असलेल्या सिस्टरला मी चौकशीसाठी बोलावले. दिवसाउजेडी, महिला पोलिसांच्या समोर, तिच्या भावाला बाहेर बाकावर बसवून. तिशीची बाई. दवाखान्याची गोष्ट तिने एकही शब्द न चुकता सांगितली. दुसऱ्यांदा विचारली तर पुन्हा त्याच शब्दांत. पाठ केलेले असे ओळखू येते.

मी अहवाल तिच्यापुढे ठेवला नाही. ती मुलगी रोज वाटीत दूध काढते, एवढेच सांगितले. मग विचारले, "बाळ रडलं होतं का?"

तिच्या डोळ्यांतले पाणी टेबलावर पडले तरी तिने पुसले नाही.

"रडली सायेब," ती म्हणाली. "लय रडली."

तोवर सगळे जण लेकरू म्हणत होते, बाळ म्हणत होते. आईला मुलगा की मुलगी हेही कळू दिले नव्हते. 'रडली' या एका शब्दाने मला कळले की मुलगी आहे, जिवंत जन्मली आहे आणि या बाईने तिला पाहिले आहे. मी महिला नाईककडे पाहिले. तिलाही ते उमगले होते.

मग सिस्टरने सगळे सांगितले. डॉक्टरांनी एका निपुत्रिक जोडप्याला बाळ देण्याचे कबूल केले होते आणि सोबत एकटीच सासू असलेली, साधी दिसणारी बाळंतीण हेरली. बाळ रडले नसते तर गुपचूप नेले असते. पण ते रडले आणि आई हात पुढे करून मागू लागली. तेव्हा डॉक्टरांनी भुलीचे मशीन ओढले. "मले म्हणाले, कोणाले बोलली तं तूच फसशील. घरी गेल्यावर माह्या कानात ते रडणंच येत राह्यलं." तिचा जबाब आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही नोंदवून घेतला.

डॉक्टरांना अहवाल दाखवला तेव्हा ते म्हणाले, "टाके घालायला थोडी दिली असेल." मी त्यांच्यासमोर दोन कागद ठेवले. एक वैद्यकीय तपासणीचा, ज्यात एकही टाका नव्हता. दुसरा त्यांच्याच सहीचा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वकिलाला फोन करू द्या म्हणाले. अटकेची कारवाई त्याच दिवशी झाली.

जोडप्याचे नाव सिस्टरला माहीत नव्हते. कोरपना बाजूचे कापूस पिकवणारे शेतकरी, घरामागे सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते असे त्या जोडप्यातली बाई बोलली होती, एवढेच तिला आठवत होते. तिथल्या पोलीस पाटलांकडे चौकशी केली. पोट न दिसता पाळणा हललेले घर गावात लपत नाही.

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. ओसरीत कापसाचा ढीग होता. आत पाळण्यात बाळ होते आणि पाळण्याची दोरी धरून चाळिशीतली बाई बसली होती. नवरा आमची ओळख ऐकताच उठून उभा राहिला. बाई मात्र उठली नाही. दोरी हलवत राहिली.

"डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी विचारले.

"लगन न झालेली पोरगी हाय म्हणाले. तिले नको हाय म्हणाले. तुम्ही नाई नेलं तं टाकून देतील."

मी खरे ते सांगितले. लग्न झालेली आई आहे, बाप आहे, आजी आहे. त्यांना बाळ मेले असे सांगितले गेले. ऐकता ऐकता तिचा दोरीवरचा हात थांबला. नवरा काही बोलू लागला, तर तिने हाताने त्याला गप्प केले. ती रडेल, भांडेल, बाळाला कवटाळून बसेल, अशी माझी तयारी होती. महिला नाईकला मी तसे सांगूनही ठेवले होते.

बाईने एकच विचारले. "तिले दूध येते का?"

"येतं," मी म्हणालो.

ती उठली. बाळाला कोमट पाण्याने पुसले, काजळ लावले, पिवळे टोपरे घातले. मग बाळाला छातीशी धरून म्हणाली, "मंग चला."

जीपमध्ये पूर्ण वाटभर बाळ तिच्याच मांडीवर होते. मी ते काढून घ्यायला सांगितले नाही.

बाल कल्याण समितीने डीएनएचा निकाल येईपर्यंत बाळाला सरकारी रुग्णालयाच्या देखरेखीत ठेवले आणि वैद्यकीय अधिकारी मॅडमच्या शिफारशीवरून त्या मुलीला बाळाला दूध पाजायची परवानगी दिली. निरोप मिळताच तिघे आले. मुलगी दारातून आत आली आणि चार पावलांवर थांबली. पुढे येण्याची तिची हिंमत होत नव्हती. मॅडमनी बाळ उचलून तिच्या हातांत दिले. मी आणि तिचा नवरा बाहेर व्हरांड्यात गेलो. थोड्या वेळाने आतून सासूचा आवाज आला, "पिऊन राह्यली. बाई, पिऊन राह्यली पाहा." नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सासू बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "नात आहे. मुलगी."

"मंग?" ती म्हणाली. "नाक माह्या पोराचं हाय."

कोरपन्याची बाई व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसलेली होती, हात मांडीवर रिकामे. तिचा जबाब झाला होता, तिला जायची मुभा होती, पण ती उठत नव्हती. कुणीतरी तिच्याबद्दल आत सांगितले असावे. आतून बाळाच्या आईने तिला बोलावून घेतले. मला वाटले, आता कडक शब्द ऐकू येतील. पण दारातून दिसले ते असे. कोरपन्याची बाई खाटेशेजारी बसून बाळंतिणीला समजावत होती, "पोटावर हात ठेवल्याबिगर झोपत नाई ती. असा. दाबाचा नाई, फक्त ठेवाचा." आणि आई तिचे पाहून तसा हात ठेवत होती.

डीएनएचा निकाल अपेक्षित तोच आला. सरकारी वकिलांच्या सल्ल्याने त्या जोडप्याला आम्ही साक्षीदार केले. खटला चालला. रक्ताचा नमुना कसा घेतला, कसा नेला, यावर बचाव पक्षाने तासन् तास प्रश्न विचारले. विश्लेषक आणि मॅडम दोघेही डगमगले नाहीत. डॉक्टरला शिक्षा झाली.

त्या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मी आधी फिर्यादीबद्दल सांगतो. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे ठाण्यातल्या लोकांना मी बजावत आलो, की तक्रारदाराने वास सांगितला, चव सांगितली, आवाज सांगितला, तर तो त्याच्याच शब्दांत लिहा. आपली भाषा घालू नका. मोहफुलांचा वास आम्ही गुंगीकारक द्रव्यात बुडवला असता, तर मॅडमला हॅलोथेन सुचले नसते आणि रक्त दुसऱ्या दिवशी घेतले गेले असते. यंत्राने रक्तातला वायू शोधला हे खरे. पण कुठे शोधायचे, हे एका अर्धवट शुद्धीतल्या आईने सांगितले होते. हात पुढे केलेला असताना तिला बेशुद्ध केले, तरी तिने ऐकलेले रडणे तिच्याकडून कुणाला काढून घेता आले नाही.

डीएनएचा निकाल येऊन बाळ कायदेशीररीत्या घरी गेल्यावर त्यांनी बारसे केले. मला बोलावणे होते. मॅडम आल्या, हवालदारही आला, हातात खुळखुळा घेऊन. आणि अंगणाच्या कडेला, पुरुषांच्या मागे, कोरपन्याची बाई नवऱ्याबरोबर उभी होती. तिलाही बोलावले होते, पण ती पुढे येत नव्हती.

बाया पाळण्याभोवती जमल्या. नाव सांगायला आत्या कोण, अशी विचारणा झाली. बाळाच्या बापाला बहीण नव्हती. गावातल्या दोनतीन बाया पुढे सरकल्या. तेव्हा बाळंतीण उठली, गर्दीतून वाट काढत अंगणाच्या कडेला गेली आणि कोरपन्याच्या बाईचा हात धरून तिला पाळण्यापाशी घेऊन आली.

"माह्या पोरीले आत्या नाई," ती म्हणाली. "तुम्ही व्हा."

"मी कशी होऊ?" ती बाई म्हणाली. "मी तं..."

"तुमच्या घरी होती तवा कोणत्या नावानं बोलवत होत्या तिले?"

बाईने पदर तोंडाला लावून हळूच सांगितले. फक्त त्या दोघींना ऐकू गेले.

"मंग तेच सांगा तिच्या कानात."

सासूने पाळण्याची दोरी धरून ठेवली. कोरपन्याची बाई वाकली, बाळाच्या पोटावर हात ठेवला. बाळाने तो हात ओळखला असावा, त्याने तिच्याकडे मान वळवली. मग तिने ते नाव सांगितले.

आज ते बाळ शाळेत जाते. गुरुजी हजेरी घेताना तिला त्याच नावाने पुकारतात.